ती खैरात नव्हती

करोनाकाळात मॉरिशसने दिलेल्या आर्थिक मदतीला ‘खैरात’ म्हणणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हा शब्द पटला नाही. जेमतेम तेरा लाख वस्तीचे हे बेट. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि त्या पूर्णपणे उघडायला १ ऑक्टोबर २०२१ उजाडला. पर्यटनावर पोट असलेल्या देशात हॉटेलांनी कामगारांना पगार द्यायचा कुठून? तेव्हा सरकारने वेतनसाहाय्य योजना आणली. मूळ वेतन ५० हजार मॉरिशियन रुपयांपर्यंत असलेल्यांच्या पगाराचा भार तिने उचलला. टॅक्सीचालक, गवंडी अशा स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी वेगळी योजना होती, तिची रक्कम मात्र सुरुवातीला अवघी ५,१०० रुपये.

लेखात नेमकी महत्त्वाची अट सुटली आहे. वेतनसाहाय्य घेतलेल्या कंपनीला पुढे नफा झाला, तर तिच्यावर कोविड अधिभार लागणार होता: करपात्र उत्पन्नाच्या १५ टक्के किंवा घेतलेली मदत, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. तोट्यातल्या कंपनीकडून काहीच वसुली नाही. अशा मदतीला खैरात कसे म्हणता येईल?

टीकाच करायची, तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने सरकारी तिजोरीत घातलेल्या ६,००० कोटी रुपयांवर करावी. त्या पैशाला परतफेडीची अशी कोणतीही अट नव्हती आणि लेखात त्याचा उल्लेख एका ओळीतही नाही.

– एक वाचक, ठाणे