'रक्तातच आहे' म्हणून हात झटकू नका

संपादक महोदय,

आमच्या गोव्यातल्या फोंड्यात डायबेटिसला आता कोणी आजार म्हणतच नाही, "शुगर आहे" म्हणतात आणि पुढची नेवरी उचलतात. कारण विचारलं की आमच्या घराण्यातच आहे, आणि हल्ली त्याला व्हॉट्सॲपची जोड, भारतीयांच्या जीन्समध्येच ते आहे म्हणे! म्हणजे विषय संपला, गोळी घ्या नि गप्प बसा.

ज्यांनी यावर खरंच आयुष्य घातलं ते लोक असं बोलत नाहीत हो. एडिंबरा विद्यापीठाचे निवृत्त प्रोफेसर राज भोपाल, जन्म पंजाबातला, वाढले ग्लासगोत, दक्षिण आशियाई लोकांना हार्टचा त्रास आणि डायबेटिस एवढा का होतो हाच त्यांचा अभ्यास. त्यांनीच १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उघड विचारलं होतं की वंश आणि आरोग्यावरचं संशोधन वंशवादी आहे, कच्चं आहे की महत्त्वाचं विज्ञान आहे. नुसता फरक मोजायचा आणि "या लोकांचं असंच असतं" म्हणून मोकळं व्हायचं, यावरच त्यांचा आक्षेप होता.

आता आपल्याकडे बघा. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा सर्व्हे २०२३ मध्ये आला, त्यात डायबेटिसमध्ये गोवा पहिला, २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४ आणि उत्तर प्रदेश फक्त ४.८. लंडनच्या वंश विचारणाऱ्या फॉर्मवर आपण आणि यूपीवाले एकाच रकान्यात बसतो, मग सगळं वंशानेच होत असेल तर एवढी तफावत आली कुठून? आपल्याकडे वयस्क जास्त, शहरीकरण जास्त, दोन पावलांवर जायलासुद्धा स्कूटर. (पोदेराच्या उंड्याला, म्हणजे पाववाल्याच्या पावाला, मी नावं ठेवणार नाही, ते कोणी तरी दुसऱ्याने करावं.)

तरी शरीराचा भाग आहेच, तो नाकारून चालणार नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये स्वतःचेच आकडे छापले होते, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी २१.२ टक्के आणि युडकिनांच्या ९.१. वजनकाट्यावर हे कळणार कसं?

गेल्या वर्षी एका पंचायतीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर होतं. माझ्या पुढे एक रिटायर्ड गृहस्थ, हातपाय काडीसारखे आणि शर्टाचं बेंबीवरचं बटण तेवढं ताणलेलं. काट्यावर उभे केले, "काका वजन एकदम छान" म्हणून सांगितलं, बीपी बघितलं आणि पाठवून दिलं. टेबलावर टेप नव्हतीच. खरं तर पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर गेली की आपल्या लोकांना धोका धरतात, आणि आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच लक्ष द्यावं हे डब्ल्यूएचओने २००४ मध्येच सुचवलेलं आहे, तरी अजून कित्येक ठिकाणी २५ चाच तक्ता भिंतीवर लटकतोय!

तेव्हा आरोग्य खात्याला एवढीच विनंती की प्रत्येक आरोग्य केंद्रात शिंप्याकडे असते तसली टेप ठेवा, वजनाबरोबर कंबरही केसपेपरवर लिहा, आणि बारीक दिसणाऱ्या माणसाचीसुद्धा कंबर जास्त भरली तर साखर त्याच दिवशी तपासा.

– एक वाचक, फोंडा