कोयनेची पातळी बाराही महिने छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै लागला की कोयनेचा साठा आपल्या पहिल्या पानावर रोज असतो. धरण भरले, दरवाजे बंद झाले की बातमी आतल्या पानात जाते आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर सहलीची माणसे येतात ती नेमकी त्यानंतर, थेट मेअखेरपर्यंत. तापोळा, बामणोली, मुनावळे इथल्या बोटवाल्यांना किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी उरले याच्याशी फारसे देणेघेणे नसते. त्यांना पाणी किती फुटांवर आहे ते हवे असते.

टीएमसीवरून फुटांचा अंदाज बांधता येत नाही. साठा १०५.२५ टीएमसी आणि पातळी सुमारे २१६३ फूट असताना जलाशय ११५ चौरस किलोमीटर पसरलेला असतो. तेव्हा १ टीएमसी गेले तरी पातळी फूटभरही उतरत नाही. साठा विसाच्या घरात आला की पाणी मूळ दरीत आवळून बसते आणि तेवढेच १ टीएमसी दोन फुटांहून जास्त खाली नेते. म्हणजे गर्दी सर्वांत जास्त असते त्या एप्रिल-मेमध्येच काठ सर्वांत वेगाने सरकतो.

पाणी उतरते यात कोणाचा दोष नाही. हे धरण सहलीसाठी बांधलेले नाही. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला पोफळीकडे वळते. पायथा वीजगृहाची दोन्ही जनित्रे चालली तर २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी नदीत येते, आणि ताकारी, टेंभू, म्हैसाळ या सांगलीकडच्या उपसा सिंचन योजनांची उन्हाळ्यातली भिस्त बव्हंशी त्यावरच असते. पर्यटनासाठी पाणी धरून ठेवा, असे निदान सांगली जिल्ह्यात कोणी बोलू नये! पण पाणी हटणार हे ठाऊक असताना बोटींचे धक्के मात्र ते जागेवरच राहणार असे समजून बांधले जातात, हे काही पटत नाही.

काठाचा उतार दहास एक धरा. पातळी ऐंशी फूट उतरली की पाणी आठशे फूट लांब जाते. मध्ये राहतो तो गाळ, वरून वाळलेला आणि आत घोटाभर ओला. सिमेंटच्या पायऱ्या ऑक्टोबरात पाण्याखाली आणि मार्चमध्ये माळावर. इथे तरंगता धक्काच चालतो, तोही दर आठ-दहा दिवसांनी सरकवला तर. त्याचे दोर आखूड बांधले की दोन तऱ्हांनी बिघडते. पाणी उतरताना काठाकडची बाजू जमिनीला टेकते, दुसरी खाली जाते आणि धक्का तिरका होतो. जुलैत उलटे घडते. ११,५७४ क्युसेक आवक दिवसभर राहिली की १ टीएमसी होते, आणि ५० हजारांची आवक असेल तर रिकाम्या जलाशयात एका दिवसात आठ-दहा फूट वाढ होते. तेव्हा नांगराचा आखूड साखळदंड धक्क्याला खाली खेचतो. पाण्याच्या खोलीच्या तिप्पट दोर हवा आणि तो रोज बघणारा माणूस हवा. बोटीचेही तेच. संध्याकाळी काठाला ताणून बांधलेली बोट सकाळी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, गाळात आणि मागून पाण्यात लोंबकळते, मग इंजिनाच्या बाजूने पाणी आत शिरते.

दुसरा धोका दिसत नाही. पाणी उतरते तशी बुडालेल्या वस्त्यांची जोती, शेताचे बांध, झाडांची खोडे पृष्ठभागाच्या फूट-दोन फूट खाली येतात. बाहेरून बसवलेल्या इंजिनाचा पंखा साधारण तेवढ्याच खोलीवर फिरतो. तो आपटला की आतली पिन तुटते. ती इंजिन वाचवण्यासाठीच असते, पण बदली पिन आणि पाना बोटीत नसेल तर बोट वाऱ्यावर. त्यात मे महिन्यात दुपारनंतर वळीव उठला तर दरीत लाटा बघता बघता वाढतात. बोट भरल्यावर तिचा काठ पाण्याच्या वर वीतभर तरी उरला पाहिजे, नाहीतर माणसे उतरवावीत. लाइफ जॅकेटचा फोम दाबून बघावा, उन्हाने कडक होऊन चुरा होत असेल तर ते जॅकेट फक्त दाखवण्यापुरते. लहान मुलाला मोठ्यांचे जॅकेट घातले तर पाण्यात मूल खाली सरकते आणि जॅकेट वर राहते.

प्रत्येक बोट क्लबवर धरणाच्याच फुटांशी जुळणारी, रंगवलेली मोजपट्टी असावी. कुठल्या पातळीला कुठला पट्टा बोटींना बंद, हे शेजारी लिहावे. नव्या चालकालाही मग विचारत बसावे लागणार नाही. गाड्या नेणाऱ्या तराफ्याचा उतरता रस्ता कधी पुढे न्यायचा, हेही त्यावरून आधीच ठरेल.

आपल्याकडे मागणे दोन ओळींचे आहे: शिवसागरची आजची पातळी फुटांत, आणि ती कालच्यापेक्षा किती इंचांनी वर-खाली. कोयनेचे जलवर्ष १ जूनला सुरू होते, तिथून ३१ मेपर्यंत, एकही दिवस न गाळता.

आपले,
जावळी तालुक्यातील काही वाचक, जि. सातारा