जुना कॉम्प्युटर भंगारात काढायची एवढी घाई कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरगुती स्टुडिओवर लेख आला होता, त्यात सरळ लिहिलंय की पाच वर्षांपेक्षा जुन्या कॉम्प्युटरवर म्युझिकचं सॉफ्टवेअर चालवायच्या भानगडीत पडू नका, बत्तीस जीबी रॅम आणि नवीन प्रोसेसर नसेल तर वेळ फुकट जाईल. वाचून आधी हसलो, मग जरा रागच आला. मी चिपळूणला ज्या मशीनवर काम करतो त्यात इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आहे, २०१२ सालचा, चार कोअरवाला, म्हणजे आत काम वाटून घेणारे चार जण, आणि या श्रावणात त्याच्यावर जाखडी नाचाची अकरा गाणी झालीत, एका नमनाचे, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्याचे, गण-गवळण झालेत आणि एका मंडळाची भजनं अर्धी झालीत. गणपतीला चाकरमानी आले की त्यांना पेनड्राइव्हवर तयार पाहिजे असतं सगळं, त्यामुळे वेळ फुकट घालवायची आम्हाला मुळात सोयच नाही.

या मशीनने २२ जुलै २०२१चा पूर पण बघितलाय. वाशिष्ठीचं पाणी अंगणात आलं तसा मी चादरीत गुंडाळून तो माळ्यावर नेला, स्पीकर आणि ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा आणि बाहेर आणणारा डबा) खालीच राहिले आणि गेले. पुढे काही महिन्यांनी गाणं वाजताना मधेच चरचर, टिकटिक सुरू झाली, बारा-पंधरा ट्रॅक, म्हणजे एकेका वाद्याचे किंवा गळ्याचे वेगळे भाग, झाले की अडखळायचं. दुकानात नेला तर तिथल्या माणसाने झाकण न उघडताच सांगितलं, हा आता गेला, नवीन घ्या, वर सत्तर हजारांचं कोटेशन हातात. सत्तर हजार म्हणजे आमच्या दोन सीझनची कमाई हो. परत घरी आणला आणि स्वतःच शिकत बसलो.

पहिली गोष्ट कळली ती बफरची. आवाज सेकंदाला ४४,१०० तुकड्यांत मोजला जातो, प्रोसेसर ते तुकडे थोडे थोडे तयार करून पुढे देतो, एका वेळी किती द्यायचे तो बफर. नळाखाली कळशी धरण्यासारखंच आहे, कळशी लहान असेल तर पटकन भरते पण सारखी बदलायला लागते, एकदा जरी हात मागे राहिला की पाणी सांडलं, तीच ती टिकटिक. बफर १२८ तुकड्यांचा ठेवला तर जेमतेम तीन मिलिसेकंदांची कळशी, १०२४ ठेवला तर तेवीसची. मग मी उगाच सगळं १२८वर का चालवत होतो? कारण बुवा गाताना त्यांना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला तर ते ठेक्याच्या मागे पडतात, १०२४वर आवाज आत जाऊन बाहेर येईपर्यंत पन्नासेक मिलिसेकंद जातात आणि मृदंगवाल्याचं डोकं फिरतं. म्हणून आता रेकॉर्डिंगच्या वेळी बफर लहान आणि जड प्लगिन (आवाज घडवणारे जोड-प्रोग्रॅम) सगळी बंद, मिक्सिंगच्या वेळी बफर मोठा आणि प्लगिन चालू. गायकाचा आवाज तर इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरूनच कानात देतो, कॉम्प्युटरच्या वाटेला पाठवतच नाही.

दुसरी गोष्ट मला खूप उशिरा समजली आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. टास्क मॅनेजर उघडलं की प्रोसेसर चाळीस टक्के दाखवायचा आणि तरी आवाज फाटायचा, मला वाटायचं काहीतरी भुताटकी आहे. होतं असं की एका ट्रॅकवर एकामागोमाग सहा प्लगिन लावली तर दुसऱ्याला पहिल्याचं काम संपायची वाट बघायला लागते, तिसऱ्याला दुसऱ्याची, म्हणजे ती अख्खी रांग एकाच कोअरच्या डोक्यावर, बाकीचे तीन बसलेत हातावर हात ठेवून. त्यात मी मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे, आणखी चार जड प्लगिन चिकटवली होती, ती रांग तर सगळ्या ट्रॅकच्या शेवटी. मास्टर मोकळा केला, प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब (आवाज घुमवणारं प्लगिन) होता तो काढून एकच रिव्हर्ब सेंडवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाटेवर, ठेवला आणि सगळ्यांना त्याच्यातूनच पाणी पाजलं, निम्मा त्रास तिथेच संपला. खरं सांगायचं तर ऐकायलाही बरं झालं, झांज, ढोलकी, कोरस सगळे एकाच देवळात बसल्यासारखे वाटायला लागले.

तिसरं म्हणजे फ्रीज. एखादा ट्रॅक मनासारखा झाला की तो प्लगिनसकट वेव्ह फाइल करून टाकायचा, मग प्रोसेसरला फक्त फाइल वाजवायचीय. नवीन मुलांना हे कमीपणाचं वाटतं, पण १९६०च्या दशकात मोठ्या मोठ्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर हेच चालायचं, चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि पुढची जागा मोकळी करायची. त्यांना मागे फिरता यायचं नाही, आपल्याला अनफ्रीज करता येतं, मग लाज कसली?

पैसे खर्च केले ते फक्त तीन ठिकाणी. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, लावली, आठ जीबीचा रॅम सोळा केला तोही सेकंडहँड, जुन्या पद्धतीचा डीडीआर-थ्रीच लागतो म्हणून स्वस्तात मिळाला. आणि शे-दोनशे रुपयांची थर्मल पेस्ट, प्रोसेसरची उष्णता वरच्या पंख्याकडे नेणारी. एसएसडीने जो फरक पडला तो प्रोसेसर बदलून पडला नसता असं माझं मत आहे, कारण सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा साठा, सगळी रॅममध्ये चढत नाही, प्रत्येक सुराची नुसती सुरुवात रॅममध्ये ठेवते आणि उरलेलं वाजता वाजता डिस्कवरून ओढते, एका सनईच्या मागे शेकडो लहान फाइल असतात, फिरती डिस्क इकडून तिकडे धावून दमते. पेस्टचं म्हणाल तर झाकण उघडलं तेव्हा पंख्याखाली धूळ आणि आमच्या कोकणातला ओलावा मिळून गोधडीच झाली होती, प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, मग कोण म्हणतं म्हातारा झाला, तो बिचारा घुसमटला होता. वायफाय पण काम करताना बंद ठेवतो, ते चालवणारा छोटा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, मधेच प्रोसेसरला अडवून धरतो.

सगळंच गोड नाहीये, तेही लिहितो. काही नवी प्लगिन माझ्याकडे उघडतच नाहीत, त्यांना एव्हीएक्स-टू नावाच्या सूचना समजणारा प्रोसेसर लागतो आणि त्या इंटेलने २०१३च्या चौथ्या पिढीपासून दिल्या, म्हणजे मी एका वर्षाने हुकलो. विंडोज ११ माझ्या मशीनला चालत नाही, कंपनीच्या यादीत आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर जवळजवळ नाहीतच, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणून हा कॉम्प्युटर मी नेटवरून काढूनच टाकला, मेल, बँक सगळं मोबाइलवर. पण मग दर महिन्याला नेटवर हजेरी मागणारी प्लगिन गेली. विंडोज सोडून लिनक्सवर जाऊन बघितलं, आवाजाच्या बाबतीत ते कुठेच कमी नाही, पण माझ्या ढोलकी-हलगीच्या लायब्ररी तिकडे नीट चालेनात म्हणून परत आलो.

आणि आमच्याच लोकांना एक सांगायचंय, क्रॅक, म्हणजे लायसन्स तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, टाकून मग मशीन स्लो झालं म्हणून रडू नका. त्या क्रॅकबरोबर आणखी काय काय आत बसतं आणि मागे चालू राहतं ते बघायला कोणी जात नाही. रीपरसारखं गाणी रेकॉर्ड-मिक्स करायचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, साधं लायसन्स साठ डॉलरला आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. साठ डॉलर पण आपल्याला कमी नाहीत हे मान्य, तरी ते सत्तर हजार नव्हेत.

तुमच्या लेखकाबद्दल माझा राग नाही, त्यांना सिनेमाचं बॅकग्राउंड करायचं असेल, दोनशे ट्रॅक लागत असतील, त्यांनी नवीन घ्यावा. माझ्या सगळ्यात मोठ्या गाण्याला चौतीस ट्रॅक लागले. पण तुमचा पेपर खेड, गुहागर, संगमेश्वरलाही जातो, तिथे एखादा पोरगा शाळेने काढून टाकलेल्या पीसीवर पहिलं गाणं करायला बसलेला असतो आणि असलं काही वाचून तो मशीन बंद करतो किंवा बापाच्या मागे हप्त्यासाठी लागतो. तेव्हा पुढच्या वेळी रॅम किती पाहिजे ते लिहिताना डिस्क कुठली आणि झाकण शेवटचं कधी उघडलं होतं, एवढं तरी त्याला विचारायला सांगा.

आपला,
एक घरगुती स्टुडिओवाला, चिपळूण