गुटके सापडले, बाळ्या

अंबाजोगाई
रविवार

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. वगैरे लिहीत नाही, तू शिव्या घालशील. फोनच करणार होतो. पण फोनवर तू मधेच हसला असतास, नाहीतर मधेच कट केला असतास. म्हणून कागद.

घर पाडायला काढलंय. दोन पावसाळ्यांपासून माळवद गळायलं होतं, सागवानी तुळया तेवढ्या ठणठणीत. परवा मजुरांनी बळद फोडलं. आजीच्या काळात त्यात ज्वारी असायची, नंतर घरातली सगळी अडगळ तिथंच जायची. त्यातून आपला बेरिंगचा गाडा निघाला! पुढचं बेरिंग अजून फिरतं. मागची दोन गंजून गच्च. मजूर म्हणाला, "मालक, जळणात टाकू का?" मी असा खेकसलो की त्यानं पुन्हा काही विचारलंच नाही.

बेरिंग कुठून आणली होती ते आठवतं का? स्टँडामागच्या गॅरेजमधून. ट्रकची बाद झालेली. त्यासाठी दोन रविवार आपण रॉकेलमध्ये नट-बोल्ट धुऊन दिले, हाताचा वास चार दिवस जेवणात. फळी आंब्याच्या पेटीची, मागचा आस बाभळीचा. टोकं तासून बेरिंग त्यावर ठोकून बसवली. ढिली झाली की चिंधी कोंबायची. पुढची आडवी फळी एका लांब बोल्टावर फिरती, तिला सुतळी बांधली की स्टेअरिंग. डांबरावर निघाला की असा खर्रर्र आवाज करायचा की म्हाताऱ्या ओट्यावरून उठून उभ्या राहायच्या.

त्याआधी टायर होते. काठीनं हाणत वेशीपर्यंत. मग चाचांच्या दुकानातली भाड्याची सायकल. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, वहीत आपलं नाव, आणि घड्याळात पाच मिनिटं वर झाली की चाचा रस्त्यावर उभे. आधी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल, मग फुल पायडल, मग दांडीवर. सीटवर बसून पाय टेकायला पुढं दोन वर्षं गेली. तू फोर्काला फुगा बांधायचास, तारांवर घासून फटफट वाजायचा, आणि तुझी म्हणे राजदूत व्हायची. तसे आपण दोघं, लूना आणि बजाजची चेतक, सगळी 1972 ची पैदास. वरून दुष्काळही त्याच साली. आई चिडली की दुष्काळाचंच नाव घ्यायची.

पण डोकं फिरवलं ते माळेगावच्या यात्रेनं. मार्गशीर्षातली थंडी, मामांनी नेलेलं. लोकं खंडोबाला भंडारा उधळायलेत, बाजारात घोड्यांचा सौदा चाललाय आणि आपण मौत का कुव्याच्या कठड्याला लोंबकळतोय. सायलेन्सर काढलेली मोटारसायकल खालच्या तिरप्या फळ्यांवर वेग घ्यायची, मग सरळ उभ्या भिंतीवर. प्रत्येक फेरीला फळ्या हलायच्या आणि आपल्या छातीत धडधडायचं. त्या माणसानं दोन्ही हात सोडून वर येऊन तुझ्या शेजारच्याच्या हातातली नोट काढून नेली. वेग असला की तो भिंतीला दाबला जातो, चाकं घट्ट धरतात, वेग गेला की खेळ खल्लास. हे आपल्याला तेव्हा कोण सांगणार? आपल्याला वाटलं, हात सोडणं हीच खरी कला.

मग 1984 चा मे. मुकुंदराजाच्या समाधीकडं जाणारा उतार. मी गाड्यावर, तू अण्णांच्या बावीस इंची अॅटलास सायकलवर. डांबर संपेल तिथं थांबायचं, हरला त्यानं दोन बर्फाचे गोळे द्यायचे.

आता नीट वाच. आदल्या संध्याकाळी, तू दळण आणायला गेला होतास तेव्हा, तुमच्या ओसरीत उभ्या असलेल्या अॅटलासच्या मागच्या ब्रेकचे दोन्ही रबरी गुटके मी काढले. पान्ह्यानं, पाच मिनिटांत. गाड्याला ब्रेक पाहिजे होता. एका लाकडाच्या दांडक्यावर ते दोन गुटके खिळ्यांनी ठोकले, दांडकं ओढलं की रबर रस्त्यावर घासायचं. पुढचा ब्रेक तर तुमचा कधीच लागत नव्हता, हे मला ठाऊक होतं. तू मागच्यावर भागवशील असं वाटलं, असंही मी म्हणू शकत नाही. कारण मागचा मीच तर काढला होता. मी काही विचारच केला नाही, एवढंच खरं.

माझा गाडा डांबराच्या टोकाला थांबला, बरोब्बर. तू खडखडत शेजारून गेलास, दोन्ही मुठी आवळलेल्या. सळया ओढल्या जायच्या, खालचा नाल वर यायचा, आणि रिमला टेकायला काहीच नाही. मुरमावर सायकल नाचली, आणि तू सीताफळीच्या झुडपात. आधी तुझी चप्पल दिसली, मग तू. कोपर भलत्याच बाजूला वळलेलं. तू रडला नाहीस. "शर्यत कोण जिंकलं बे?" असं विचारलंस. मला हे अजून पचलेलं नाही.

प्लास्टर निघेपर्यंत अण्णांनी दम धरला, मग ट्यूबनं पोटऱ्या सोलल्या तुझ्या. ते एक वेळ सोड. पण अण्णांनी चाचांना भर बाजारात विचारलं, "गुटके बसवलेच नाहीस ना रे, पैसे तर घेतलेस." कारण आठवड्यापूर्वीच अॅटलास त्यांच्याकडं नीट करायला दिली होती. चाचांनी कुराणाची शपथ घेतली. अण्णा पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत, आणि आपल्या गल्लीतली बरीच मंडळी अण्णांचं ऐकून दुसरीकडं जायला लागली. मी रोज तिथूनच शाळेत जायचो. चाचा विचारायचे, "दोस्त का हाथ कैसा है, बेटा?"

पुढं तू संभाजीनगर गाठलंस. 1985 ला वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि नंतर त्या पट्ट्यात आपल्याकडची किती पोरं खपली! मी इथंच राहिलो. तुझा हात अजून पूर्ण सरळ होत नाही, हे मला तुझ्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना दिसलं. तेव्हा सांगणार होतो. जेवणाच्या पंगती होत्या, राहिलं.

अण्णा गेले, चाचा गेले. आता सांगण्यासारखा तूच उरलास, आणि चाचांचा मुलगा. काल दांडकं पिशवीत घालून त्याच्याकडं गेलो. दुकान तेच आहे, सायकली कमी, बॅटरीच्या गाड्या जास्त. सगळं सांगितलं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अब्बा शेवटपर्यंत म्हणायचे, मी बसवले होते." मला खाली बघावं लागलं.

त्यानं एक गुटका खिळ्यातून उपसला, नखानं खरवडून बघितला आणि म्हणाला, "अजून चालतील की हे."

एक त्याच्याकडं ठेवून आलो. दुसरा इथं टेबलावर आहे. दिवाळीला येशील तेव्हा घे, आणि जे काय बोलायचं असेल ते समोर बोल. बर्फाचे दोन गोळे तुझ्याकडून येणं आहेत, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते काही आता मागत नाही.

तुझा,
गाडेवाला