पायवाटांना हात लावायला या, पावसाआधी

मंडळी, आपल्या वनउद्यानातल्या पायवाटांसाठी हे आवाहन करतोय, आणि आधीच सांगतो, पैशापेक्षा माणसं जास्त हवीयेत.

झालंय काय, चढावर वाट जिथे वळण घेते तिथे बरेच जण वळसा न घालता सरळ खाली उतरतात, दोन मिनिटं वाचतात, पण पाऊस पडला की पाणी पण त्याच शॉर्टकटने धावतं आणि माती ओढून नेतं, आता तिथे गुडघाभर घळ पडलीये. तळ्याकडच्या उतारावर तर एका जुन्या झाडाची मुळं पार उघडी पडलीत, बुटांनी साल निघून आतलं पांढरं लाकूड दिसतंय. झाडाची पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या 30 ते 60 सेंमी मातीतच असतात, ती माती तुडवून तुडवून घट्ट झाली की आत ना पाणी जात ना हवा, आणि झाड वाळायला लागलंय हे आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

काम अवघड नाहीये. वाटेत दगड नाहीतर ओंडके तिरके गाडायचे म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला जंगलात उतरतं, आणि शॉर्टकटवर वाळक्या फांद्या टाकून तो बंद करायचा. पहार, कुदळ, फावडं, घमेली, जे घरात पडून असेल ते द्या, हातमोजे पण चालतील. टॉयलेटचा नळ गळतोय आणि दाराची कडी तुटलीये, कोणी प्लंबिंग किंवा सुतारकाम जाणणारं असेल तर अर्धा दिवस द्या, लई उपकार होतील. बाकडी आणि दिशादर्शक बोर्डही रंगवायचेत.

रोपं मात्र आणू नका प्लीज! हौसेने आणलेली शोभेची झाडंच नंतर पसरतात आणि ती उपटत बसायला आम्हीच असतो.

पैसे द्यायचे असतील तर उद्यानाच्या ऑफिसात द्या आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका, बाहेर कोणी रोख मागितली तर देऊ नका.

पाऊस लागेपर्यंत दर रविवारी सकाळी 7 वाजता मेन गेटला जमतोय. पोरांना आणलंत तरी चालेल, फांद्या ओढायला तीच पुढे असतात. आणि हो, वाटेत चिखल लागला तर कडेने जाऊ नका, सरळ मधून या, कडेने गेलं की वाट रुंद होत जाते. बूट काय, धुता येतात.