जाहिरात कळेल अशी द्या

महोदय,
सरकारी नोकऱ्यांच्या सरळसेवा भरतीची जाहिरात म्हणजे पानंच्या पानं पीडीएफ. पेठ-सुरगाण्याहून नाशिकच्या अभ्यासिकांत आलेली मुलं ती मोबाइलवर वाचतात. पदसंख्या आणि शेवटची तारीख पाहिली की भरला अर्ज! समांतर आरक्षण (महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरेंसाठीच्या जागा), वय कोणत्या तारखेला मोजणार, नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत, हे राहूनच जातं. मग कागदपत्र पडताळणीत नाव कटतं. २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या प्रवर्गासाठी १००० आणि राखीवसाठी ९०० रुपये शुल्क होतं. एवढे पैसे घेता, तर पात्रता आणि लागणारे दाखले पहिल्याच पानावर सोप्या मराठीत छापायला काय हरकत आहे? जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्रानेही अर्जाची मुदत संपण्याआधी मुलांना बसवून जाहिरात समजावून सांगावी. मेळाव्यांतली भाषणं थोडी कमी झाली तरी चालतील.

– एक पालक, पंचवटी, नाशिक