सातबारा त्याच्याच नावावर

मालवण,
श्रावण

प्रिय सुऱ्या,
स. न.

रत्नागिरीच्या खोलीवर खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावतोयस, हे वाचून बरं वाटलं. पण पहिला मान त्या काळ्या, तीन पांढऱ्या ठिपक्यांच्या पिल्लाला द्यायचा बेत मात्र रद्द कर. तो डॉमिनो डॅमसेल, प्रवाळातला मासा. दुकानात इंचभर दिसतो, पुढे पाच इंचांच्या वर जातो. वयाबरोबर ठिपके पुसट होतात, भांडखोरपणा तेवढा वाढतो.

माझ्याकडे एक आहेच. टाकी चार फुटी, अडीचशे लिटरची. पण उजवीकडच्या कपारीचा सातबारा त्याच्याच नावावर. तळ साफ करायला पाइप आत घातला की पंख ताठ करून बाहेर येतो आणि थेट माझ्या अंगठ्याला टोचा मारतो. काचेला कान लावलास तर त्याची टकटकही ऐकू येईल. आई परवा म्हणाली, "खावचो नाय तर हाडलंस कित्याक?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

त्याचंही तसं बरोबरच आहे म्हणा. प्रवाळात खाणं, लपायची जागा आणि अंडी घालायचा दगड, सगळं त्या हातभर जागेत. नर दगड घासून स्वच्छ करतो, मादी अंडी घालून निघून जाते, मग पिल्लं बाहेर पडेपर्यंत पंखांनी वारा घालत पहारा याचाच. समुद्रात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण मिटतं. टाकीत पळून जाणार कुठे? चार फुटांवर काच. मार खाऊन, उपाशी राहून मरतो तो.

दुकानदार तुला सांगेल, "आधी एक डॅमसेल सोडा, टाकी चालू होते." मासा चिवट म्हणून हा सल्ला. टाकी चालू होणं म्हणजे माशाच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होणं, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. ते आधी त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. पण त्यासाठी मासा अमोनियात कशाला जाळायचा? रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकलंस तरी भागतं. शिवाय जो पहिला आला, तो सगळी टाकी आपलीच समजतो. म्हणून गरीब मासे आधी, दादा सगळ्यात शेवटी. नंतर कुणाला आणायचंच झालं तर दगडांची मांडणी बदल आणि दिवे बंद करून सोड. जुन्या हद्दी मोडल्या की सगळ्यांनाच नव्याने घर शोधावं लागतं.

माझं ऐकशील तर पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल घे. जेमतेम तीन इंच, त्या खानदानात त्यातल्या त्यात सज्जन. पण एकच.

दगडांचं म्हणशील तर जांभा नको, त्यात लोह भरपूर. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूने डुबकी मारून प्रवाळाचा तुकडा उचलायचा तुझा जुना नाद पुरे. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. विकतचे सिरॅमिकचे दगड घाल.

पाणी दारात आहे म्हणून घागर बुडवून आणू नकोस. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, लांबचं पाणी कोण आणून देणार? काठाजवळ तर नद्यांचा लाल गढूळ लोट, खारटपणा पार उतरलेला. लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ (स्वयंपाकाचं नव्हे!) विरघळव, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या मानाने जडपणा) १.०२५ च्या आसपास आलं की झालं. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. उष्णता २४ ते २७ अंश. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घे, टाकी मागाहून. वादळात लाइट गेली की रात्ररात्र येत नाही, हे तुला सांगायला नको.

चतुर्थीला घरी येशीलच. येताना त्या मिठाची एक बादली माझ्यासाठीही आण. पैसे इथे देईन, नाहीतर सुरमईत वळते करू.

तुझा,
बाळ्या